सिस्टरची शाळा

मूत्रपिंडे निकामी झाली की बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. दर वेळी साधारण चार तास जातात. पिरंगुटहून पुण्याला ये-जा कशीबशी जमते. पण मुळशी धरणापलीकडच्या, ताम्हिणीकडच्या वस्तीतल्या माणसाने जुलैच्या पावसात काय करावे? अशा घरांसाठी पोटाचे डायलिसिस हा एक मार्ग आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्यात या पद्धतीसाठीही मार्गदर्शक सूचना आल्या.

यात पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून साधारण दोन लिटर औषधी पाणी आत सोडतात. चार ते सहा तासांत रक्तातली घाण आणि जादा पाणी त्यात उतरते. मग ते काढून नवे भरायचे. असे दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. हाताने पिशवी बदलण्याच्या पद्धतीला वीजही लागत नाही. पण दवाखान्याचे काम घरात येते आणि ते शिकवते नर्स.

आम्ही शिक्षक वर्गात "समजले का?" असे विचारतो आणि सगळी मुले "हो" म्हणतात. डायलिसिसची सिस्टर त्या "हो"वर थांबत नाही. आधी ती स्वतः करून दाखवते, मग रुग्णाकडून करून घेते. शेवटी म्हणते, "चाचा, समजा मी नवी आहे. आता तुम्ही मला शिकवा." चाचा कुठे अडखळले, तिथून धडा पुन्हा सुरू.

पहिला धडा हातांचा. खिडक्या-दारे बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, अंगठी-बांगड्या उतरवलेल्या. साबणाने हात नीट धुऊन स्वच्छ कापडाने कोरडे करायचे. वुजू केला म्हणजे हे झाले, असे समजू नये; इथे साबण हवाच. नळीच्या उघड्या टोकाला बोट लागले तर पिशवी जोडायची नाही. चिमटा बंद करून सिस्टरला फोन करायचा.

दुसरा धडा नजरेचा. बाहेर आलेले पाणी फिकट पिवळे आणि स्वच्छ दिसायला हवे. ते गढूळ दिसले, पोट दुखले किंवा ताप आला तर पोटात जंतुसंसर्ग झाला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. लगेच फोन करावा आणि ती पिशवी टाकून न देता सोबत न्यावी. "सिस्टर रागावतील" म्हणून गढूळ पिशवी लपवणे जिवावर बेतू शकते.

तिसरा धडा वहीचा. रोजचे वजन, रक्तदाब, आत किती सोडले, बाहेर किती आले, सगळे लिहायचे. खोक्यांवरचा मजकूर बहुधा इंग्रजी असतो. म्हणून पायऱ्या घरच्या भाषेत, मराठीत किंवा उर्दूत, मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात. हे काम शाळेत जाणारी मुले आनंदाने करतील.

रमजानमध्ये अनेक घरांत प्रश्न पडतो. या पाण्यात साखर असते, त्यामुळे रोजाबद्दल डॉक्टर आणि आलिम दोघांनाही विचारावे. आजाऱ्याला रोजातून सवलत आहे. मनाने पिशव्या बंद करू नयेत.

शेवटी घरातल्या थोरांना एक विनंती. हे शिकायला नेहमी सुनेलाच पाठवले जाते. ती आजारी पडली किंवा माहेरी गेली तर पिशवी कोण बदलणार? रुग्णाचे हात चालत असतील तर त्याने स्वतः शिकावे आणि सोबत घरातल्या एका मुलानेही. खर्चाचे काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.