आयसीयू की क्लासरूम?

सकाळी आठ वाजता मी ऑफिसला पळायच्या गडबडीत असते आणि माझी रूममेट नाइट संपवून घरी येते. भेट होते ती गॅसजवळ, चहा उकळेपर्यंत. गेल्या सोमवारी तिने चपला काढता काढता बॉम्ब टाकला, ‘अगं, मास्टर्स करायचं ठरवलंय. फक्त कुठलं ते ठरत नाहीये.’

एमबीएबद्दल आपल्यापैकी प्रत्येकाला मत असतं. नर्सिंगमध्येही पोस्ट ग्रॅज्युएशन असतं, हे मात्र निम्म्या ऑफिसला माहीत नसतं! तिच्यापुढे दोन पर्याय होते. दोन्ही दोन वर्षांचे. दोन्हीकडे बीएस्सी नर्सिंग, रजिस्ट्रेशन, किमान ५५ टक्के मार्क आणि वर्षभराचा अनुभव हवा. पहिला, नेहमीचं एमएस्सी नर्सिंग. दुसरा, गेल्या दहाएक वर्षांत आलेला नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर.

‘मग टेन्शन कसलं? सगळं सेमच तर आहे!’ मी म्हटलं.

‘दोन वर्षांनी मी कुठे उभी असेन, ते सेम नाही ना.’

एमएस्सीत शिकवणं आणि मॅनेजमेंट हे विषयच असतात. त्यामुळे नर्सिंग कॉलेजात शिकवायची वाट सरळ. नाइट बंद, रविवार आपला. आईचं मत अर्थातच तिकडे. दुसरा कोर्स रेसिडेन्सीचा, म्हणजे बहुतेक वेळ आयसीयूतच. पेशंट तपासायचा, व्हेंटिलेटर सांभाळायचा, ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार उपचार करायचे. तिचा जीव रमतो तो इथेच. गोची एकच. या पदवीला साजेशी पोस्ट सगळ्या हॉस्पिटलांत नाही. शिकून पुन्हा स्टाफ नर्सच्याच पगारावर यायचं? धाकट्या भावाची फी तीच भरते.

मी लगेच एक्सेल उघडलं. तिने सरळ फोन उचलला. दोन्ही कोर्स केलेल्या सीनियर्सना तीनच प्रश्न विचारले. कॉलेजला मान्यता आहे का? जोडलेल्या हॉस्पिटलात आयसीयूचे बेड किती? आणि तिथून पास झालेल्या मुली आज नेमकं काय काम करतात? मग तिने आपल्याच मेट्रनना गाठलं. ‘मी नर्स प्रॅक्टिशनर होऊन आले तर कुठल्या पोस्टवर घ्याल?’ मेट्रन प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, ‘आज तरी तशी पोस्ट नाही गं.’

शेवटी तिने एमएस्सी निवडलं, पण मेडिकल-सर्जिकल शाखा आणि त्यात क्रिटिकल केअर ही उपशाखा. आयसीयू सुटत नाही, शिकवण्याचं दारही उघडं. भावाचं शेवटचं वर्ष संपलं की अर्ज. तोवर पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला.

‘वाईट वाटतंय?’ मी विचारलं.

‘थोडंसं,’ ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

तुम्हीही कुठल्या कोर्सचा फॉर्म भरत असाल, तर ब्रोशर जरा मिटून ठेवा. पास झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठ वाजता तुम्हाला कुठे असायचंय, ते आधी ठरवा. आणि तिथे जागा आहे का, हे फोन करून विचारा. लाजू नका!