प्रबंध बॉयलरपाशी लिहिला जावा

पीएचडीच्या विद्यार्थ्याला साखर कारखान्यात पाठवा म्हटलं की आपल्याकडे तीन बाजूंनी विरोध होतो. प्राध्यापक म्हणतात, उद्योगाच्या पैशाने विद्या मिंधी होते. कारखानदार म्हणतात, आम्हाला आयटीआयचा फिटर आणि डिप्लोमावाला केमिस्ट पुरतो, डॉक्टरेटवाल्याचं करायचं काय? आणि तुळजापूरसारख्या ठिकाणी तिसरा प्रश्न विचारला जातो: जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे चक्रीय जैवअर्थव्यवस्था कुणासाठी? शेतातून निघालेल्या मालाचं भुसकट, सांडपाणी, राख, काहीच फेकायचं नाही, सगळं कामाला लावायचं आणि मातीचं ते शेवटी मातीला परत करायचं, एवढाच या जड नावाचा अर्थ. हे काम उद्योगाबरोबर घडलेल्या संशोधकांशिवाय होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्राध्यापकांची भीती खोटी नाही. पैसा देणारा नको असलेले निष्कर्ष दडपू शकतो. पण त्यावरचा इलाज करारात आहे. पेटंटसाठी कंपनीने काही महिने मागावेत, पण प्रबंध कुलपात टाकायचा अधिकार तिला नसावा. धोका आहे म्हणून संबंधच नको, हे म्हणणं आपल्या इतिहासाला धरून नाही. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला प्रबंध लिहून आलेले अर्थशास्त्रज्ञ. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले; 1950-51च्या हंगामात तिथे पहिलं गाळप झालं. मुंबईत 1933 साली सुरू झालेल्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीटीत, मनमोहन शर्मा केंब्रिजची पीएचडी घेऊन 1964 साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. उद्योगांना सल्ला देत देत त्यांनी संशोधकांच्या पिढ्या घडवल्या आणि 1990 साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. उद्योगाच्या संगतीने त्यांची विद्या उजळलीच. त्याच संस्थेच्या जैवऊर्जा केंद्राचं तंत्र 2016 साली उत्तराखंडात काशीपूरला, रोज दहा टन शेती-अवशेष वापरणाऱ्या प्रात्यक्षिक प्रकल्पात उतरलं.

आता कारखानदारांचं म्हणणं. त्यांनी आपल्याच डिस्टिलरीच्या मागच्या अंगाला जाऊन पाहावं. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, निघतं. ऊस जमिनीतून पालाश भरपूर उचलतो. तो साखरेत जात नाही, मळीत उतरतो. मळी आंबवून अल्कोहोल काढून घेतलं की पालाश मागच्या काळपट, उग्र वासाच्या पाण्यात राहतो. हे पाणी ओढ्याला सुटलं तर मासे मरतात, विहिरी नासतात. म्हणून ते आटवून घट्ट करतात आणि बगॅस किंवा कोळशाबरोबर बॉयलरमध्ये जाळतात. पालाश राखेत उरतो. आपला देश पालाशयुक्त खत जवळजवळ सगळं परदेशातून आणतो. ही राख रानात परत गेली की उसाने उचललेलं उसाच्याच जमिनीला मिळालं. पण तोच पालाश राखेला कमी उष्णतेत वितळवतो. मऊ झालेली राख नळ्यांना चिकटते, थरावर थर चढून दगडासारखी होते, वाफेचा दाब पडतो, आणि ऐन हंगामात बॉयलर थंड करून माणसांना आत उतरून ती फोडावी लागते.

थर कधी लवकर धरतो हे फायरमनला अनुभवाने कळतं. तो का धरतो, इंधनात काय मिसळलं तर सुटेल, हे रसायनशास्त्र शिकलेल्याला शोधता येईल. पण प्रयोगशाळेतल्या चिमूटभर राखेवरून ते कळणार नाही. त्याला तीन पाळ्या त्या फायरमनजवळ उभं राहावं लागेल. अनुभव आणि शास्त्र एकत्र आले की काय घडतं ते आपण पाहिलंय: 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉलच्या प्रकल्पातून ऑक्सिजन काढला. अल्कोहोलमधलं पाणी शोषणारे झिओलाइटचे खडे आणि हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे खडे एकाच कुळातले. यंत्र चालवणाऱ्याला व्हॉल्व्ह ठाऊक असतात आणि तत्त्व जाणणाऱ्याला त्या व्हॉल्व्हचा दुसरा उपयोग दिसतो. दोन्ही जाणणारं माणूस आपण नेमाने घडवत का नाही?

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो, आणि त्यातला अर्धा मी मान्य करतो. शहरातल्या सभागृहांत ‘शेतातला कचरा’ हा शब्द फार सहज वापरला जातो. तुळजापूरच्या कोरडवाहू रानात कचरा असा फारसा नसतोच. ज्वारीचा कडबा शेकड्याच्या भावाने विकला जातो आणि दुष्काळात तो भाव धान्याच्या बरोबरीने बोलला जातो. सोयाबीनची गुळी, तुरीचं भुसकट शेळ्यांपुढे पडतं, तुऱ्हाटी चुलीत जाते. 2013 आणि 2019च्या उन्हाळ्यात ज्या जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तिथला कडबा इथेनॉलला न्यायचा हिशेब करणाऱ्याने आधी दावणीला बांधलेल्या जनावराचा हिशेब मांडावा. आणि सातशे-आठशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात इथेनॉलच्या नावाने उसाचं क्षेत्र वाढवणं मला घातक वाटतं.

पण म्हणूनच इथे संशोधक हवा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी फ्लोरिडाची पीएचडी घेऊन 1981 साली आले. त्या संस्थेने गोड ज्वारीवर काम केलं: कणीस माणसाला, धाटाचा रस इथेनॉलला, उरलेला चोथा जनावराला. असा विचार गावात राहणाऱ्यालाच सुचतो. मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीला हा धडा उसापेक्षा किती तरी जवळचा आहे.

मग करायचं काय? युरोपातल्या मारी क्युरी योजनेच्या औद्योगिक डॉक्टरेटमध्ये विद्यार्थ्याचा किमान निम्मा काळ विद्यापीठाबाहेर, उद्योगात जातो. आपल्याकडे 2012 पासून पंतप्रधान डॉक्टरल फेलोशिपमध्ये विद्यावेतनाचा निम्मा भार उद्योगाने उचलायची सोय झाली. पण इथे ‘उद्योग’ म्हणजे पुण्या-मुंबईची कंपनी एवढंच धरलं तर आपल्या हाती काही लागणार नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी कारखाना, तेलाची गिरणी आणि रोज निर्माल्याचे ढीग उचलणारं भवानीमातेचं देवस्थानसुद्धा त्यात धरायला हवं. जालन्यात आयसीटीचं केंद्र आहे, मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, धाराशिवला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे आणि खुद्द तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. रसायनाचा मार्गदर्शक एकीकडचा आणि गावाचा अर्थव्यवहार जाणणारा दुसरीकडचा, असे दोघे एकाच प्रबंधावर का नसावेत? विद्यार्थ्याने गळीत हंगाम कारखान्यात आणि पावसाळा शिवारात काढावा, त्याला जगता येईल एवढं विद्यावेतन मिळावं, आणि ज्याच्या रानातून नमुने घेतले त्या शेतकऱ्याला निष्कर्ष मराठीत लिहून मिळावेत.

पहिला विषय मी आत्ताच सुचवतो. तुळजापूर तालुक्यात चांगल्या, मध्यम आणि दुष्काळी सालात जनावरांचं पोट आणि मातीचा कस राखून दर एकरी किती कडबा, गुळी नि तुऱ्हाटी उचलता येईल, आणि त्याचा दर शेतकऱ्याला काय मिळावा? या प्रबंधाच्या परीक्षक मंडळात एक जागा शेळ्या पाळणाऱ्या बाईची असावी.