सूत कोणाचे, नमुना कोणाचा?

तुळशीचे लग्न लागले की राहाता, शिर्डी, लोणी या पट्ट्यात लग्नसराईची लगबग सुरू होते आणि आपल्या वाचक भगिनींच्या हाती रुखवताची कामे येऊ लागतात. क्रोशाचे तोरण, ताटावरचा रुमाल, देव्हाऱ्याचा पडदा, अभ्र्यांना लावायची लेस. रुखवत मांडले जाते, पाहुण्या कौतुक करतात, फोटो निघतात. पण हे काम कोणत्या बाईचे, कोणत्या सुतातले, किती तासांचे, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. तिकडे बाजारात शालींना आणि देवांच्या पोशाखांना लावायची यंत्राची लेस मीटरवर मिळते. गिऱ्हाईक दोन्ही लेस शेजारी ठेवते, किंमत विचारते आणि यंत्राची उचलते. हातलेसच्या बाजूने बोलेल असे काहीच आपण तिच्यासोबत ठेवलेले नसते.

हा अंक बॉबिन लेसला वाहिलेला आहे. आपले बहुतेक वाचक क्रोशाचे काम करतात, काही टॅटिंग करतात. बॉबिन लेसची उशी आपल्याकडे क्वचितच दिसते. तरीही या लेसचा इतिहास आपण सर्वांनी समजून घ्यावा असे आम्हाला मनापासून वाटते. साडेचारशे वर्षांहून मोठा हा इतिहास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवतो. ज्याच्या हाती सूत आणि नमुना, त्याच्या हाती लेसची कमाई. बोटांतले कौशल्य कितीही मोठे असले, तरी या दोन गोष्टी दुसऱ्याच्या ताब्यात असतील तर कारागीर गरीबच राहतो.

आधी काम समजून घेऊ. बॉबिन लेसमध्ये सुई नाही, क्रोशाची सुईही नाही. घट्ट भरलेल्या उशीवर टोचलेला नमुना बसवायचा. प्रत्येक धागा आपापल्या कांडीवर, म्हणजे बॉबिनवर, गुंडाळायचा आणि कांड्या जोडीजोडीने सोडायच्या. एका वेळी दोन जोड्या, म्हणजे चार धागे हातात घ्यायचे. हालचाली दोनच. पहिलीत मधल्या दोन धाग्यांपैकी डावा धागा उजव्यावरून न्यायचा. दुसरीत प्रत्येक जोडीतला उजवा धागा डाव्यावरून न्यायचा. या दोन हालचालींच्या क्रमातूनच भरीव टाका, जाळीचा टाका आणि कडेची पट्टी घडते. नमुन्यातल्या भोकात टाचणी टोचून टाका धरून ठेवायचा, काम पुढे सरकून बसले की मागच्या टाचण्या काढायच्या. चार पेडांची वेणी घातलेल्या हातांना ही चाल पहिल्याच दिवशी कळेल. अरुंद पट्टीला दहा-बारा जोड्या पुरतात. रुंद आणि बारीक कामात कांड्या शंभराच्या पुढे जातात. राहात्यापासून फार दूर नसलेल्या येवल्यात पैठणीचा विणकर पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी फिरवतो आणि रंगांच्या सीमेवर धागे एकमेकांत गुंतवतो. तेव्हा अनेक कांड्या एकाच वेळी सांभाळण्याचे कसब आपल्या मुलखाला परके नाही.

सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्समध्ये ही कला रुजली. व्हेनिसमध्ये १५५७ साली बॉबिन लेसच्या नमुन्यांचे पुस्तक छापले गेले. त्यानंतर १५६१ च्या सुमारास झुरिकच्या फ्रोशाउअर छापखान्यातून दुसरे पुस्तक निघाले. ते लिहिणारी बाई स्वतः लेस करणारी आणि शिकवणारी होती. व्यापाऱ्यांनी १५३६ साली इटलीतून ही कला झुरिकला आणली, हे तिने नोंदवून ठेवले आहे. नमुने तर तिने दिलेच. आज त्या शहरातल्या लेसचा आरंभ आपण वर्षासह सांगू शकतो, तो केवळ तिने लिहिले म्हणून. पण तिचे नाव? पुस्तकावर फक्त 'आर. एम.' ही दोन अक्षरे आहेत. एवढे मोठे काम करणारी बाई आद्याक्षरांपुरती उरली, याचे दुःख आपल्याला व्हायला हवे. कारण आपल्या रुखवतावर तेवढी दोन अक्षरेही नसतात.

पुढे इंग्लंडमध्ये हे चित्र अधिक कठोर झाले. बेडफर्डशर, बकिंगहॅमशर, डेव्हन या भागांत हजारो बाया आणि मुले लेसवर जगत. पाच-सहा वर्षांची मुले लेस-शाळांत तासन् तास उशीपुढे बसत. चर्मपत्रावर टोचलेले नमुने व्यापाऱ्याचे, सूतही त्याच्याकडूनच घ्यायचे आणि तयार लेस त्यालाच द्यायची. सुताचे पैसे कापून घेतले जात आणि पुष्कळदा मोबदला रोख न मिळता दुकानातल्या मालाच्या रूपाने मिळे. त्याच काळातल्या हाडाच्या आणि लाकडाच्या बॉबिन्स आज संग्रहालयांत आहेत. त्यांच्यावर ठिपक्यांनी कोरलेली नावे आणि तारखा आहेत. लेस निनावी विकली जात होती, तरी आपल्या हत्यारावर तरी नाव असावे ही माणसाची इच्छा त्या ठिपक्यांतून दिसते.

याच सुमारास यंत्र आले. जॉन हीथकोट यांनी १८०८-०९ मध्ये बॉबिन लेसची जाळी विणणाऱ्या यंत्राची पेटंटे घेतली, १८१३ मध्ये जॉन लीव्हर्स यांचे यंत्र आले आणि नॉटिंगहॅम हे यंत्र-लेसचे शहर बनले. व्हिक्टोरिया राणीने १८४० साली आपल्या लग्नाच्या पोशाखासाठी डेव्हनच्या हॉनिटन पद्धतीची हातलेस मुद्दाम करून घेतली. त्यामुळे त्या भागातल्या बायांना काही काळ काम मिळाले. पण सूत आणि नमुना यांची मालकी बदलली नाही, म्हणून त्यांचे दिवसही बदलले नाहीत. राजाश्रय, प्रदर्शनातले पदक, मंत्र्यांच्या हस्ते सत्कार, या सगळ्याचा आनंद जरूर घ्यावा. त्यावर संसार उभा राहत नाही.

भारतात बॉबिन लेसची सर्वात ठळक परंपरा दक्षिणेतली. नागरकोविलला लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या सुमारास मुलींना लेस शिकवायला सुरुवात केली. त्यांची मुलगी एलायझा हिचे लग्न मिशनरी रॉबर्ट काल्डवेल यांच्याशी झाले आणि तिने ही कला इडैयनगुडीला नेली. नागरकोविल ज्या त्रावणकोर संस्थानात होते, तिथे तेव्हा गुलामी होती. लेसच्या कमाईतून काही मुलींनी स्वतःची सुटका विकत घेतली, असे त्या मिशनच्या इतिहासात सांगितले जाते. आंध्रातल्या नरसापूरची गोष्ट याच्या उलट आहे. तिथली लेस क्रोशाची, म्हणजे आपल्या कामाच्या अगदी जवळची. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की निर्यातदार मध्यस्थांमार्फत सूत घरी पोचवत आणि बाया दिवसाचे सहा ते आठ तास विणत. तरीही त्यांची गणना कामगारांत होत नसे. घरबसल्या फावल्या वेळात करण्याचे काम, असे म्हटले की मजुरी कितीही खाली नेता येते. 'फावला वेळ' हे शब्द आपणही आपल्या कामाबद्दल वापरतो. ते आजपासून थांबवूया.

आपल्या जिल्ह्याचा विचार करा. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे १८३१ मध्ये सुरू झाले. त्या मिशनच्या सिंथिया फरार यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. अशा शाळांत मुलींच्या हाती पाटी आणि सुई बरोबरच आली. अक्षराचे पुढे काय झाले ते आपण जाणतो. लिहिणाऱ्या बाईचे नाव पुस्तकावर आले. सुईचे काम मात्र अक्षरापासून दूरच राहिले. आईने लेकीला दाखवले, सासूने सुनेला, शेजारणीने शेजारणीला. साखळी किती, खांब किती, हे तोंडी मोजले गेले. यात प्रेम होते, पण एक हात थकला की नमुना त्याच्याबरोबर गेला.

बॉबिन लेसकडून आपण घ्यावी ती पहिली सवय म्हणूनच नोंदीची आहे. इथे नमुना टोचल्याशिवाय काम सुरूच होत नाही. जोड्या किती, सूत कोणते, हे आधी ठरवावे लागते. क्रोशाच्या प्रत्येक कामाला हीच शिस्त लावता येईल.

दुसरी सवय सुताची पारख. क्रोशात फास एकमेकांत अडकतात, म्हणून थोडे उणे सूतही निभावून जाते. बॉबिन लेसमध्ये धागे केवळ एकमेकांवरून जातात आणि पीळ घेतात. सुताचा प्रत्येक दोष उघडा पडतो. धागा एकसारखा, गुळगुळीत आणि न ताणणारा हवा. टाचण्या काढल्यावर ताणलेला धागा आखडतो आणि लेस गोळा होते. पॉलिस्टर निसरडे असते, टाका जागेवर बसत नाही. जवसाच्या झाडापासून निघणारे लिनन फार ताणले जात नाही आणि आकार धरून राहते, म्हणून जुनी युरोपी लेस बहुतेक लिननची होती. एकोणिसाव्या शतकात तिची जागा मोठ्या प्रमाणावर सुती धाग्याने घेतली. आपल्यासाठीही चांगल्या पिळाचा सुती धागाच सोयीचा.

नंबरावर मात्र विसंबू नका. गिरणीच्या सुताचा इंग्रजी नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात ते. नंबर मोठा, धागा बारीक. क्रोशाच्या गुंडीवरचा २०, ४० किंवा ६० हा आकडा या हिशोबाचा नसतो आणि एकाच आकड्याच्या दोन कंपन्यांच्या गुंड्या सारख्या जाडीच्या असतीलच असे नाही. सोपा उपाय असा: धागा पट्टीभोवती न ताणता शेजारी शेजारी गुंडाळा आणि एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजा. तो आकडा वहीत लिहा. उद्या ती गुंडी बाजारातून गेली तरी तेवढेच वेढे देणारे दुसरे सूत शोधता येईल. नवीन रंगीत सूत आधी पाण्यात भिजवून, पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग जातो का ते पाहा. शिकण्यापुरती उशी गव्हाचे काड घट्ट ठासून घरीच भरता येते. टाचण्या पितळी किंवा स्टेनलेस घ्या. साध्या टाचण्या पावसाळ्यात गंजतात आणि तो डाग लेसवरून सहजी जात नाही.

आता मालकीचा प्रश्न. राहाता तालुक्यातल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नसावी. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली सहकारी साखर कारखान्याची चिमणी पेटली. ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. तोच विचार सुताला लावायला कारखान्याएवढे भांडवल लागत नाही. दहा-बारा जणींचा बचत गट एकत्र पैसे काढून घाऊक भावाने सूत आणू शकतो. सूत आपले असले की लेस कोणाला विकायची हे आपण ठरवतो. दुसऱ्याच्या सुतावर विणले तर तो मान आपल्याकडे उरत नाही.

दराचा हिशोबही सरळ ठेवा. सुताचा खर्च, अधिक लागलेले तास गुणिले तासाचा दर. आपल्या गावात निंदणी-खुरपणीला जी मजुरी मिळते, तिच्या खाली हातलेसचा तासाचा दर जाऊ देऊ नका. गिऱ्हाईक निघून जाईल अशी भीती वाटेल आणि काही गिऱ्हाइके जातीलही. यंत्राच्या लेसच्या किमतीला हातलेस मागणारे गिऱ्हाईक आपले नव्हतेच. जे राहील त्याला वहीतले तास दाखवता येतील.

नमुना लिहिला तर तो चोरीला जाईल, असे अनेक भगिनी म्हणतात. ही शंका खोटी नाही. पण न लिहिलेला नमुनाही फोटोवरून उचलला जातोच, आणि तेव्हा तो आपला होता हे सांगायला काहीच हाती नसते. पारंपरिक नमुने सर्वांचे आहेत, ते सर्वांनी करावेत. त्यात आपण केलेला बदल मात्र नावासह आणि तारखेसह लिहून ठेवावा. स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावी १८७६ साली सुरू झालेली लेस-शाळा आजही चालू आहे. स्लोव्हेनियाच्या बॉबिन लेसला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. नमुने लपवून तिथे ही कला टिकली नाही. पिढ्यान्पिढ्या शिकवल्याने टिकली.

आपल्याकडेही दारे उघडी आहेत. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाकडून कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळते; ज्यांनी ते काढलेले नाही त्यांनी अर्ज करावा. बचत गटांच्या प्रदर्शनांत हातलेस मांडताना प्रत्येक वस्तूला एक छोटी चिठ्ठी जोडावी: करणारीचे नाव, गाव, सूत, तास.

सुरुवात आम्ही स्वतःपासून करतो. पुढील अंकापासून या मासिकात एकही नमुना निनावी छापला जाणार नाही. नमुना पाठवताना सुताचा प्रकार, सेंटिमीटरमधले वेढे, जोड्या किंवा टाक्यांची संख्या, लागलेले तास आणि तो जिच्याकडून शिकलात तिचे नाव कळवा. ती आज हयात नसली तरी कळवा. आजीच्या हातचा रुमाल पेटीत असेल तर त्याचे टाके मोजून आकृती काढा आणि तीही पाठवा. क्रोशा, टॅटिंग, बॉबिन लेस, कशातलेही काम असो, जागा मिळेल. वर्षभरात अशा नोंदींचा संग्रह उभा राहिला, तर मराठी मुलखातल्या हातलेसला तिचे स्वतःचे नमुना-पुस्तक मिळेल, आणि त्यात प्रत्येकीचे पूर्ण नाव असेल.

— संपादक