चाळींसाठी तिसरा रकाना हवा

माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,


जुलै २०२० मध्ये महापालिकेने नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या साथीने एफ उत्तर, एम पश्चिम आणि आर उत्तर विभागांतले ६,९३६ रक्तनमुने कोरोनाच्या प्रतिपिंडांसाठी तपासले. ती झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत आढळली, बाहेर १६ टक्के. लस आलेलीच नव्हती; म्हणजे विषाणू एवढ्या लोकांना गाठून गेला होता आणि बहुतेकांना पत्ताही लागला नव्हता. भर साथीत हे काम झालं, याचा मुंबईकर म्हणून अभिमान वाटतो.

पण अहवालात रकाने दोनच: झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी. आमची लालबागची चाळ सरकारदरबारी झोपडपट्टी नाही. तरी गॅलरीच्या टोकाला मजल्याचे सामायिक संडास, सकाळी बादल्या घेऊन तिथे रांग, आणि शेजारच्या खोलीतला खोकला रात्रभर आमच्या उशाशी. झोपडपट्टीतल्या मोठ्या आकड्यामागे दाट वस्ती आणि सामायिक शौचालयं असावीत, असं तेव्हा पालिकेनेच म्हटलं होतं. मग गिरगाव-परळच्या चाळी आणि स्वतंत्र फ्लॅट एकाच रकान्यात घातले, तर हाती काय लागणार?

दुसरी गोष्ट. पालिकेच्या २०२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात ८६.६४ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली. तरीही पुढच्या जानेवारीत ओमायक्रॉनने घरोघरी ताप आणलाच. प्रतिपिंडं ओसरतात, विषाणू रूप पालटतो. आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू तर बहुतेकांना दोन वर्षांचे होण्याआधीच होतो. त्याची प्रतिपिंडं मोठ्या माणसांच्या रक्तात असतातच, तरी तो पुन्हा पुन्हा होतो आणि म्हाताऱ्या माणसाची सर्दी कधी कधी न्यूमोनियावर जाते. म्हणून प्रतिपिंडं आहेत का, एवढ्यावर थांबू नका. किती आहेत आणि कुणाची उतरली आहेत, हेही पाहा.

कोरोना, फ्लू, आरएसव्ही या तिन्हींसाठी दरवर्षी पावसाळ्यानंतर प्रौढांचे नमुने घ्या. चाळींचा रकाना वेगळा ठेवा. तपासणीसाठी सात रस्त्याला कस्तुरबा रुग्णालयाची प्रयोगशाळा आहे, परळला केईएम आहे. निष्कर्ष मराठीत चाळीच्या फळ्यावर लावा. रक्त देणाऱ्याला ते कळायलाच हवेत.

आणि हे लवकर करा. बीडीडी चाळींतली कुटुंबं पुनर्विकासाच्या नव्या मनोऱ्यांत जाऊ लागली आहेत. माणसं तीच, फक्त घर बदललेलं, अशी तुलना करायची तर सामान हलायच्या आधी त्यांचं रक्त तपासायला हवं.

आपली,
लालबागची एक रहिवासी