आठव्या पानावरची सूचना

‘सूचना दिली होती’ हे वाक्य आपल्याकडे वाद मिटवायला वापरतात. अर्जाची तारीख चुकली, कार्यक्रमाची जागा बदलली, पाणी बंद होतं, तर उत्तर एकच: सूचना दिली होती, तुम्ही वाचली नाही. देणारा मोकळा, न वाचणारा दोषी. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायला एका विमानाची हकीकत पुरेशी आहे.

७ जुलै २०१७, सॅन फ्रान्सिस्को. मध्यरात्र व्हायला चारेक मिनिटं बाकी. टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं ७५९ हे विमान, प्रवासी आणि कर्मचारी धरून १४० माणसं घेऊन उतरायला येत होतं. तिथे दोन धावपट्ट्या अगदी शेजारी शेजारी, समांतर आहेत: २८ लेफ्ट आणि २८ राइट. दोघींच्या मध्यरेषांमधलं अंतर फक्त ७५० फूट. विमानाला उतरायची परवानगी होती २८ राइटवर. डावीकडची २८ लेफ्ट त्या रात्री कामासाठी बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांच्या डोक्यात मात्र दोन्ही पट्ट्या चालू होत्या. काळोखात त्यांना दोन उजळलेले पट्टे दिसले. डावा तो लेफ्ट, उजवा तो राइट, असं त्यांनी धरलं. प्रत्यक्षात डावा पट्टा हीच २८ राइट होती. उजवा होता टॅक्सीवे, म्हणजे विमानांनी धावपट्टीकडे जायचा रस्ता. त्यावर चार विमानं उड्डाणाच्या रांगेत उभी होती, माणसांनी आणि इंधनाने भरलेली.

पुढचं सगळं काही सेकंदांत घडलं. वैमानिकांना पट्टीवर कसलेतरी दिवे दिसले. त्यांनी टॉवरला विचारलं, धावपट्टीवर दिवे दिसताहेत, आम्हाला उतरायची परवानगी आहे ना, खात्री करा. टॉवरने सांगितलं, आहे. २८ राइटवर तुमच्याशिवाय कुणी नाही.

हा संवाद मी अनेकदा वाचला आहे. प्रश्न खरा, उत्तरही खरं. २८ राइट खरोखर रिकामी होती. फक्त बोलणाऱ्याची २८ राइट एक आणि ऐकणाऱ्याची दुसरीच. भाषाविज्ञानाच्या तासाला आपण शब्द आणि वस्तू यांचं नातं शिकतो, चार ओळींचं उत्तर लिहितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. इथे ते नातं तुटलं होतं आणि दोन्ही बाजूंना त्याचा पत्ता नव्हता.

मग रांगेतल्या पहिल्या विमानातून, युनायटेडच्या वैमानिकाचा आवाज रेडिओवर आला: हा कुठे चाललाय, हा तर टॅक्सीवेवर आहे! मागच्या फिलिपिन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी आपले मोठे दिवे लावले. एअर कॅनडाच्या दोघांनीही त्याच सुमारास विमान वर घ्यायला सुरुवात केली. टॉवरचा आदेश आला तेव्हा ते चढायला लागलं होतं. तोवर ते जमिनीपासून साधारण ६० फुटांपर्यंत खाली आलेलं होतं. फिलिपिनच्या विमानाच्या शेपटीवरून ते गेलं तेव्हा मधली जागा १४ फुटांच्या आसपास होती. पाचही विमानांत मिळून हजाराहून जास्त माणसं होती. कुणालाही खरचटलं नाही, म्हणूनच बहुतेकांना ही घटना माहीत नाही.

आता सूचनेकडे येतो. २८ लेफ्ट बंद असल्याची सूचना दिलेली होती. उड्डाणाआधी वैमानिकांना जे कागद मिळतात ते त्या दिवशी २७ पानांचे होते आणि ही बाब आठव्या पानावर होती. ठळक अक्षरांत होती, पुढे लाल रंगात ‘नवीन’ असंही होतं. उतरण्याआधी विमानतळाची माहिती येते, तिच्यातही होती. म्हणजे कागदोपत्री काहीही राहिलं नव्हतं. तरी उतरायच्या वेळी ती दोघांच्याही ध्यानात नव्हती.

अशा सूचनांना नोटॅम म्हणतात. एखादा नमुना शोधून बघा. सगळी मोठी इंग्रजी अक्षरं, शब्दांची आखूड रूपं, विरामचिन्हांचा दुष्काळ. ही टेलिप्रिंटरच्या जमान्यातली लेखनपद्धती. यंत्रं केव्हाच भंगारात गेली, पद्धत राहिली. त्यात धावपट्टी बंद ही बाब आणि कुठल्याशा क्रेनवरचा दिवा गेलाय ही बाब एकाच आवाजात सांगितली जाते. (अमेरिकेत २०२१ साली या सूचनांचं नाव बदललं, २०२५ साली पुन्हा जुनं केलं. नावावर दोनदा काम झालं.)

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सप्टेंबर २०१८मध्ये निष्कर्ष मांडले. त्या बैठकीत मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी या नोटॅमना सरळ कचरा म्हटलं, ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही असा. मंडळाचं म्हणणं असं की माहिती वैमानिकांपर्यंत पोचली होती, पण ती ज्या रीतीने मांडली होती तिच्यातून तिचं महत्त्व कळत नव्हतं आणि ती लक्षातही राहत नव्हती. एका सरकारी मंडळाने लेखनशैलीवर ठेवलेला हा ठपका मला कुठल्याही समीक्षेच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेला.

माझ्या एका मित्राला हे मान्य नाही. तो म्हणतो, वैमानिकांना पगार कशाचा मिळतो? २७ पानं वाचणं हे त्यांचं कामच आहे. यात तथ्य आहे. शिवाय चुका आणखीही होत्या. उतरण्याच्या नकाशात एक फ्रिक्वेन्सी हाताने भरायला सांगितलेली होती. ती भरली असती तर विमान मध्यरेषेवर आहे की नाही ते यंत्राने दाखवलं असतं. ती राहून गेली. पण तपासात निघालं की ती सूचनासुद्धा नकाशावर चटकन नजरेत येणारी नव्हती. कॅप्टन १९ तासांहून जास्त वेळ जागा होता, टोरांटोच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजत आले होते. सूचना लिहिणाऱ्याने वाचणारा कोण मानायचा? ताजातवाना, टेबलापाशी बसलेला, हातात पेन घेतलेला? की हा? मित्राचा आदर्श वाचक मला अजून कुठे भेटलेला नाही, आमच्या वर्गात तर नाहीच.

युनायटेडच्या त्या वैमानिकाचं वाक्य ठरलेल्या परिभाषेतलं नव्हतं. त्या वाक्यामुळेच विमान वाचलं असं मी म्हणणार नाही, आणि परिभाषा नको असंही नाही. तिच्याविना रेडिओवर गोंधळ होईल. पण त्या रात्रीच्या एवढ्या सगळ्या मजकुरात धोका कुठे आहे ते पहिल्या झटक्यात कळावं असं बोललेलं ते एक वाक्य होतं.

नंतर तिथे नियम बदलले. रात्री शेजारची समांतर पट्टी बंद असेल तर आता नुसत्या नजरेच्या भरवशावर उतरू देत नाहीत, यंत्राचा आधार घ्यावाच लागतो. त्या रात्री टॉवरमध्ये एकच नियंत्रक सगळं बोलणं सांभाळत होता. आता उशिराची गर्दी ओसरेपर्यंत दोघं असतात. म्हणजे ‘नीट वाचत जा’ एवढं बजावून कुणी थांबलं नाही.

आपल्या मंडळाला माझी विनंती आहे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर येणाऱ्या निमंत्रणात आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांची पदं, मग आभार, आणि ‘स्थळात बदल’ हे पार खाली, फुलांच्या चित्रांच्या आधी. पुढच्या वेळी स्थळ आणि वेळ पहिल्या ओळीत टाका. पाहुण्यांची पदं आम्ही सभागृहात बसून ऐकू.