तोझाई मार्गावरचे वाचन

परदेशात बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसाचे वाचन किराणा दुकानातील पाकिटांपासून सुरू होते. टोकियोतील मराठी माणसांकडे पाहिले की हे चांगले समजते. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामांसाठी भारतीय अभियंते तेथे मोठ्या संख्येने गेले आणि शहराच्या पूर्वेकडील एडोगावा प्रभागात, निशी-कासाई स्थानकाच्या आसपास त्यांची वस्ती वाढली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. २०१९ मध्ये एडोगावाच्या प्रभागसभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मूळचे महाराष्ट्रातलेच.

शाकाहारी घरात सर्वांत आधी ओळखू येतात ती मांस, डुक्कर, मासा यांची जपानी लेखनातील कांजी चिन्हे. पाठोपाठ पाकिटामागच्या बारीक मजकुरात जिलेटिन आणि सुक्या माशांचा अर्क शोधण्याची सवय लागते. हा अर्क निरुपद्रवी दिसणाऱ्या भाजीच्या सुपातही निघतो. या वाचनाची जात निराळी आहे. देवनागरीत उच्चार हमखास मिळतो, अर्थ मिळेलच असे नाही. पोथी खणखणीत वाचणाऱ्या कित्येकांना तिचे संस्कृत कळत नाही. कांजीचे याच्या उलट आहे. दुकानात चिन्ह ओळखून पाकीट परत ठेवणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवता येत नाही, कारण एकाच चिन्हाचे दोन-तीन उच्चार असतात आणि कोणता कुठे हे सरावानेच समजते. नित्य वापराच्या सरकारी यादीत अशी २,१३६ चिन्हे आहेत. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला माणूस त्यांच्यापुढे निरक्षर ठरतो.

उच्चार दाखवणाऱ्या काना लिपीचे तसे नाही. हिरागाना आणि काताकाना यांची मूळ अक्षरे प्रत्येकी ४६, आणि त्यांच्या ओळींचा क्रम अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा. बौद्ध भिक्षूंनी भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीच्या केलेल्या अभ्यासातून हा क्रम आला, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला तो परका वाटत नाही. मुलांच्या चित्रकथांत कांजीशेजारी बारीक काना अक्षरांत उच्चार छापलेला असतो. नवख्या प्रौढांचे पहिले जपानी पुस्तक बहुधा अशीच एखादी चित्रकथा असते, आणि त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही.

घरात येणारा कागद मात्र एवढी सवलत देत नाही. कोणत्या वारी जळणारा कचरा, कोणत्या वारी बाटल्या-डबे, याचे वेळापत्रक असते. शेजाऱ्यांत सूचनांची पाटी फिरते. ती वाचायची, शिक्का मारायचा आणि पुढच्या दारी पोचवायची. मुलांच्या दप्तरातून शाळेच्या सूचनांचे कागद येत राहतात. हल्ली फोनचा कॅमेरा त्यांचे भाषांतर करतो. तरी सहलीच्या दिवशी डब्याबरोबर नेमके काय द्यायचे हे कळायला वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या आईला विचारावे लागते.

निशी-कासाईहून कामाला निघालेला माणूस मेट्रोच्या तोझाई मार्गावर येतो. या मार्गावरील किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ मध्ये सकाळच्या ऐन गर्दीच्या वेळी क्षमतेच्या १९९ टक्के प्रवासी होते. जपानच्या वाहतूक खात्याने अनेक वर्षे गर्दीचे वर्णन वाचनाच्या भाषेत केले, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १५० टक्के म्हणजे वर्तमानपत्र उघडून आरामात वाचता येते. १८० टक्क्यांना घडी घालून वाचावे लागते. २०० टक्क्यांना अंगे घासतात, पण साप्ताहिक कसेबसे वाचता येते, आणि २५० टक्क्यांना हातही हलत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये पेपरची उभी पट्टी करून वाचणाऱ्यांना हे कोष्टक समजावून द्यावे लागणार नाही. फरक एवढाच की तोझाईच्या डब्यात भजनी मंडळ नसते, आणि फोनवर बोलणेही शिष्टसंमत नाही. वाचनाला ही शांतता मानवते.

या गर्दीला सोयीचे पुस्तक तेथे फार पूर्वीपासून आहे. १०५ बाय १४८ मिलिमीटरच्या या आकाराला बुन्को म्हणतात. इवानामी प्रकाशनाने १९२७ मध्ये लाइपझिगच्या रेक्लाम पुस्तकमालेचा आदर्श ठेवून स्वस्त अभिजात पुस्तके काढली आणि हा प्रकार रुळला. पुस्तक एका हातात मावते, दुसरा हात कडीला मोकळा राहतो. विक्रेता पैसे घेताना कव्हर घालू का, असे विचारतो. आपल्याकडे जूनमध्ये पाठ्यपुस्तकांना खाकी कव्हरे घालतात ती पुस्तक टिकावे म्हणून. तेथे कव्हरामागे शेजाऱ्याला नाव दिसू नये हाही हेतू असतो. दुकानात उभ्याने वाचण्याला ताचियोमी असे स्वतंत्र नावच आहे. काही दुकाने चित्रकथांना प्लास्टिक घालून त्याला आळा घालतात, पण उभ्या वाचकाला सहसा कोणी हटकत नाही. "घ्यायचं असेल तर बघा" ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला सुरुवातीला याचे अवघडलेपण वाटते.

अलीकडे तोझाईच्या डब्यातही पुस्तकांपेक्षा फोन जास्त दिसतात. त्याने मराठी वाचकाची सोयच झाली. हक्कमुक्त जपानी साहित्य १९९७ पासून आओझोरा बुन्को या संग्रहात फुकट मिळते, तसेच मराठी ई-पुस्तकही आता गाडीतल्या गाडीत उघडता येते. छापील दिवाळी अंक मात्र १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या आपल्या जाडीसह मायदेशाहून येणाऱ्याच्या बॅगेत भाजणी आणि लोणच्याच्या बरणीशी किलोकिलोने भांडतो. दिवाळीला जपानमध्ये सुट्टी नसते. परंतु २७ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर हा पंधरवडा तेथे वाचनसप्ताह म्हणून पाळला जातो. १९४७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाच्या मधोमध ३ नोव्हेंबरची संस्कृतिदिनाची सुट्टी येते, आणि दिवाळी पुष्कळदा याच दिवसांत किंवा त्यांच्या थोडी आगेमागे असते.