कुलूप लावणाऱ्याने नकाशाही द्यावा

तुमसर परिसरात धानाच्या बांध्यांकडे जाणारा रस्ता पावसात खचला की जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीपच कामी येते. या गाड्यांत कंपनीचे इलेक्ट्रॉनिक कुलूप नसते, म्हणून चोरीच्या भीतीने बाजारातला इमोबिलायझर बसवला जातो. पाच-सात वर्षांनी तेच कुलूप मालकाला अडवते. बसवणारा कुठे गेला याचा पत्ता नसतो आणि कोणती वायर कुठे तोडली हे कुणालाच ठाऊक नसते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या नात्यातल्या एका जीपचा डिझेल पंप उतरवला गेला. पैसे गेले, दोन दिवस गेले. दोष निघाला इमोबिलायझरच्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये.

खरे तर तपासाची रीत अवघड नाही. हे यंत्र साधारणपणे दोन वाटा अडवते: एक स्टार्टरची, दुसरी डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची (पेट्रोल गाडीत इग्निशनची). स्टार्टर फिरतच नसेल तर पहिली वाट पाहा. फिरतो पण इंजिन पेटत नसेल तर दुसरी. त्याआधी बॅटरी तपासा. चांगली बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली आले तर इमोबिलायझरचा डबाच गोंधळतो. मग रिमोटचा सेल, फ्यूज, अर्थिंग आणि शेवटी रिले. आणखी एक गोष्ट: ज्या जुन्या जीपमध्ये इंजिन बंद करायला खेचायची केबल आहे, तिथे डिझेल विजेवर अवलंबून नसते. अशी गाडी ढकलून सुरू होते. म्हणजे तिथे इमोबिलायझरचा भरवसाही अर्धाच.

कारागीर म्हणतात, "सर, वायरिंग गुप्त राहिली तरच चोराला सापडत नाही." म्हणून सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, वर काळी टेप. मुद्दा रास्त आहे. पण गुपित चोरापासून ठेवायचे की मालकापासून? एका कागदावर आकृती काढावी, तोडलेल्या वायरी आणि रिलेची जागा लिहावी, तारीख टाकावी. तो कागद गाडीत नको, घरी आर.सी. बुकाच्या झेरॉक्ससोबत ठेवावा. मालकानेही कागद हाती आल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत.

वैतागून यंत्र काढून टाकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्रावर विम्यात सवलत मिळत आली आहे. ती घेतली असेल आणि यंत्र काढले, तर विमा कंपनीला कळवायलाच हवे.

गॅरेजमध्ये आपण कारागिराला आदराने उस्ताद म्हणतो. ज्याचे इल्म त्याच्या माघारीही उपयोगी पडते, तो उस्ताद. गाडी दुरुस्तीला देणारा तिच्यासोबत आपला भरवसाही सोपवतो. ती अमानत आहे. ती परत करताना सोबत चार ओळींचा कागद द्यायला काय हरकत आहे?